दमसास: एका युद्धपटाच्या संगीताच्या नोंदी

१२ जानेवारी

पटकथेचं वाचन झालं. वेढा पडलेलं शहर, एक हिवाळा, एका सभागृहाच्या तळघरात जमणारा हौशी गायकवृंद आणि त्याच इमारतीत तालीम करणारं स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, विओला, चेलो). अंदाजे ३७ मिनिटांचं संगीत, १९ क्यू, म्हणजे संगीताचे सुटे तुकडे. (हा आकडा मिक्सपर्यंत, म्हणजे सगळे आवाज शेवटी एकत्र मिसळेपर्यंत, टिकला असं माझ्या बाबतीत आजवर झालेलं नाही, पण पत्रकात काहीतरी लिहावं लागतं.)

शहराला नाव नाही. झेंडा नाही, गणवेशावर ओळखता येईल असं चिन्ह नाही. दिग्दर्शिकेचा अभ्यास मात्र सगळा लेनिनग्राडच्या वेढ्याचा आहे: ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४, ८७२ दिवस. तिच्या वहीत एक ओळ दोनदा अधोरेखित केलेली दिसली: १९४१च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सर्वांत खालच्या वर्गातल्या माणसाला दिवसाला १२५ ग्रॅम पाव.

तिची अट एकच. पडद्यावर जी माणसं आहेत तीच ऐकू आली पाहिजेत. "बाहेरून व्हायोलिनांचा ताफा मदतीला यायचा नाही, दादा. त्यांच्या मदतीला कोण आलं होतं?" मी हो म्हणून बसलो. रात्री हिशेब केला: चोवीस गळे, चार तंतुवाद्यं, एका प्रसंगात क्लॅरिनेट. संपलं.

१५ जानेवारी

गाणार कुठल्या भाषेत? शहर निनावी, तर भाषाही निनावी हवी. नुसत्या आकार-ओकारावर ३७ मिनिटं काढता येत नाहीत; दुसऱ्या मिनिटाला ते जाहिरातीसारखं वाटायला लागतं. शेवटी लॅटिन. एक जुनी, कुणाच्याही मालकीची नसलेली प्रार्थना: दा पाचेम दोमिने, इन दिएबुस नोस्त्रिस. 'प्रभो, आमच्या या दिवसांत शांती दे. कारण आमच्यासाठी लढणारा तुझ्यावाचून दुसरा कोणी नाही.' शांती मागता मागता दुसऱ्याच ओळीत लढणाऱ्याची गरज पडते. 'लढतो' याला तिथे क्रियापद आहे 'पुग्नेत', आणि त्याच्या मुळाशी आहे मूठ. सगळं संगीत या एका शब्दाकडे चालत जाईल असं ठरवलं.

पण उच्चारावरून देश कळतो. इटालियन वळणाचं लॅटिन गाणारे 'पाचेम' आणि 'पुन्येत' म्हणतात. जर्मन वळणाचे 'पात्सेम' आणि 'पुग्नेत'. मला ग् हवा. 'पुन्येत' घसरून जातं, 'पुग्नेत' म्हणताना घसा क्षणभर बंद होतो, आवंढा गिळल्यासारखा. दिग्दर्शिकेला 'पात्सेम' नको, कारण ते ऐकून जाणकार लगेच नकाशा उघडतील. तोडगा: 'पाचेम' इटालियन, 'पुग्नेत' जर्मन. असा उच्चार कुठल्याच देशात होत नाही, म्हणजे आमच्या शहराला अगदी चपखल. वृंदप्रमुख बाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही लिहून द्या, मी शिकवते. पण श्रेयनामावलीत उच्चार-मार्गदर्शक म्हणून माझं नाव टाकू नका."

२८ जानेवारी

पहिला खर्डा ऐकवला. आठ भागांत विभागलेला वृंद, वर सोप्रानोंचे दोन पदर, खाली बासचा ठेहराव, मधे आल्टो-टेनर एकमेकांत मिसळणारे. खरं सांगायचं तर मला फार आवडला होता. संगणकातले नमुना-आवाज असूनही अंगावर काटा आला.

दिग्दर्शिकेने पटकथेचं पान काढलं. "या प्रसंगात तळघरात किती जण आहेत?"

चौदा.

"आणि मला किती ऐकू येतायत?"

चाळीस तरी. तेही पोटभर जेवलेले.

खर्डा बाद. नवा नियम भिंतीवर चिकटवला: जितकी तोंडं तितके आवाज. पहिल्या प्रसंगात २४, मग १९, १४, शेवटी ९. त्यामुळे आठ भाग विसरा. शेवटच्या प्रसंगात टेनर एकच उरतो आणि तोही म्हातारा.

३ फेब्रुवारी

आकडा कमी केला म्हणजे काम झालं असं वाटलं होतं. नाही झालं. नऊ चांगले गायक चोवीसांपेक्षा अशक्त वाटत नाहीत, फक्त अधिक स्पष्ट ऐकू येतात. उलट एक प्रकारची शान येते.

मग लेनिनग्राडच्या रेडिओ ऑर्केस्ट्राची हकीकत पुन्हा वाचली. शहरातला मोठा फिलहार्मोनिक वृंद नोवोसिबिर्स्कला हलवलेला. मागे रेडिओचा वृंद आणि त्याचे संचालक कार्ल एलियासबर्ग. १९४२मध्ये शोस्ताकोविचची सातवी सिंफनी बसवायला घेतली तेव्हा पहिली तालीम पाऊण तासही चालली नाही, पंधरा मिनिटांत आवरती घ्यावी लागली. फुंकवाद्यं वाजवणाऱ्यांच्या छातीत फुंकायला जोर नव्हता. वादक कमी पडले म्हणून सैन्यातून आणावे लागले. ९ ऑगस्ट १९४२ला प्रयोग झाला, ध्वनिक्षेपकांवरून शहरभर आणि समोरच्या फौजेपर्यंत ऐकवला गेला. प्रयोगाच्या गोष्टी सगळे सांगतात. मी अडकलो त्या पंधरा मिनिटांपाशी.

भूक सुरात ऐकू येत नाही. कोमल स्वर लावून ती दाखवता येत नाही, तो नुसता उदासपणा होतो. भूक ऐकू येते ती दमसासात. भुकेला माणूस बेसूर होईलच असं नाही, पण ओळ पुरी करण्याआधी त्याचा श्वास संपतो.

मग हातात घ्यायची गोष्ट एकच: एका श्वासात किती मात्रा.

४ फेब्रुवारी

वृंदगानात श्वास लपवतात. शेजारी-शेजारी बसलेले आळीपाळीने श्वास घेतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला ओळ अखंड वाटते, जणू वृंदाला फुप्फुसंच नाहीत. ही पहिल्या वर्षी शिकवली जाणारी गोष्ट. मी तिलाच बंदी घातली. या चित्रपटात सगळे एकाच वेळी श्वास घेतील आणि तो ऐकू येईल.

लय ४८, म्हणजे मिनिटाला ४८ मात्रा, एक मात्रा सव्वा सेकंदाची. पहिल्या क्यूमध्ये एका श्वासात ८ मात्रा, १० सेकंद: 'दा पाचेम दोमिने' सरळ एका दमात. पुढे ६. मग ५. शेवटच्या क्यूमध्ये ३ मात्रा, पावणेचार सेकंद: 'दा पा', श्वास, 'चेम', श्वास. चाल तीच, सूर तेच. स्वल्पविराम तेवढे वाढत जातात. कागदावर बघताना जाणवलं की शेवटच्या पानावर सुरांपेक्षा श्वासाच्या खुणा जास्त आहेत.

९ फेब्रुवारी

४८ ही लय मी कानाने निवडली होती, आज तिला कारण मिळालं. लेनिनग्राडच्या रेडिओवर कार्यक्रम नसताना मेट्रोनोमची (ताल मोजणाऱ्या यंत्राची) टिकटिक लावून ठेवत. संथ टिकटिक म्हणजे सगळं ठीक. भराभर व्हायला लागली की हवाई हल्ला. ध्वनी-रचनाकाराने हे आमच्या निनावी शहरात उचलायचं ठरवलंय. मी म्हणालो, मग वृंदाला वेगळा ताल कशाला? तळघरातल्या रेडिओच्या टिकटिकीवरच ते तालीम करतील. आणि टिकटिक वेगात सुरू झाली की गाणं जिथे असेल तिथे तुटेल.

४८ची आणखी एक सोय. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर एका मात्रेला नेमक्या ३० फ्रेम येतात. संकलकाला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला.

१८ फेब्रुवारी

क्वार्टेट. दिग्दर्शिकेला चेलोला तीनच तारा हव्या आहेत. मला कळलं हे कुठून आलं. फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँने युद्धकैदी असताना क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानोसाठी जे चतुष्क लिहिलं, त्याचा पहिला प्रयोग १५ जानेवारी १९४१ला गॉर्लिट्झच्या छावणीत, कडाक्याच्या थंडीत झाला. चेलोला तीनच तारा होत्या असं मेसियाँ सांगत असे. चेलो वाजवणारा एतिएन पास्किए मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिला की चारही तारा जागेवर होत्या. मला पास्किएचं खरं वाटतं. वाद्य त्याच्या हातात होतं.

ती म्हणाली, "पण तीन तारा दिसतात छान." दिसतात, पण ऐकू येत नाहीत. चांगला चेलोवादक तीन तारांवर बरंच निभावून नेतो आणि प्रेक्षकाला फरक कळत नाही. तार गेली तर वादक वळसा घालतो, माणूस गेला तर वळसा घालता येत नाही. बोलता बोलताच सुचलं. पटकथेत क्वार्टेटमधली विओलावाली (विओला म्हणजे व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) मध्यंतरानंतर मरते आणि त्यानंतर क्वार्टेट दिसतच नाही. मी म्हणालो, दिसू दे. तिघं तेच वाजवू देत, तिच्या भागासकट.

म्हणजे लिहायचं असं: पहिल्या अर्ध्यात विओलाकडे गंधार. प्रत्येक विसाव्याच्या जागी तीच ठरवते की रंग कोमल गंधाराचा आहे की शुद्ध. तिला काढलं की उरतात षड्ज आणि पंचम. पोकळ. दुःखीही नाही, आनंदीही नाही, काय वाटायचं ते सांगणारंच कोणी नाही.

विओलाबद्दल वादकांमध्ये जे विनोद चालतात ते सगळे आठवले. या चित्रपटापुरते तरी मागे घेतो.

२ मार्च

वृंदाची पहिली तालीम. बाईंनी बसवलेलं सुरेल, स्वच्छ, देखणं. हाच घोटाळा. मी म्हणालो, जरा थकल्यासारखं गा. चोवीस जणांनी थकल्याचा अभिनय केला. भयंकर. सूर खालून ओढत आणणं, शब्द चघळणं, एकाने तर उसासा टाकला. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "यांना वाईट गायला सांगू नका. त्यांना जमत नाही आणि मला ऐकवत नाही."

चहाच्या वेळी त्यांनीच युक्ती काढली. सूर लावण्याआधी सगळ्यांनी अर्धा श्वास सोडून द्यायचा. मग उरलेल्यावर गायचं, आणि गायचं मात्र जीव ओतून, जितकं चांगलं जमेल तितकं.

फरक पहिल्याच ओळीत. कोणी अभिनय करत नव्हतं. सगळे सूर टिकवायला धडपडत होते आणि तीच धडपड ऐकू येत होती. 'पुग्नेत'च्या ग् वर आवाज थांबला आणि पुढचा 'नेत' अर्ध्यांच्या तोंडून आलाच नाही. मी काही बोललो नाही. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

चौथ्या वेळेला एका आल्टोला गरगरलं. नियम: सलग तीनच टेक, मग दहा मिनिटं सुट्टी, खिडक्या उघड्या.

१९ मार्च

चित्रीकरण. गाणं सेटवरच थेट मुद्रित करायचं हा हट्ट तडीस गेला. आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवले असते तर श्वास खोटे पडले असते. गायकांच्या एका कानात टिकटिक, बस. जनरेटरचा आवाज तीन टेकमध्ये आला, एकात कुणाची तरी खुर्ची. बाकी उत्तम.

२४ एप्रिल

अर्ध्या श्वासावर गाण्याची किंमत आता कळली. शेवटच्या तळघर-प्रसंगात वृंद सुरुवातीच्या पट्टीपेक्षा ४० सेंट उतरलाय (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट), पाव स्वराला थोडासा कमी. सोबतीला वाद्य नाही, त्यामुळे गाणाऱ्यांना पत्ता नाही. सगळे एकत्रच उतरलेत, आपापसात सुरात आहेत. अडचण अशी की त्याच सुरावर कट होऊन क्लॅरिनेट आणि तंतुवाद्यं सुरू होतात. ४४० हर्ट्झच्या नेहमीच्या पट्टीला मिळवलेली. कट ऐकला की दात आंबतात.

निर्मात्याचा मुलगा म्हणाला, सॉफ्टवेअरने वृंद वर ओढा, दोन मिनिटांचं काम. ओढून बघितला. सुरात आला आणि मेला.

मग उलटं का नको? थंड खोलीत फुंकवाद्याचा सूर उतरतोच. हवा एक अंशाने गार झाली की नळीतला सूर साधारण ३ सेंट खाली येतो. वाजवणाऱ्याच्या श्वासाने क्लॅरिनेट थोडी गरम होते, पण गोठलेल्या खोलीत किती होणार? क्लॅरिनेटला वर चढता येत नाही, तेव्हा तंतुवाद्यंच खाली उतरून तिला मिळतात. ४० सेंट खाली म्हणजे ४३०. क्वार्टेट ४३०ला मिळवायचं.

६ मे

संकलकाने क्यू ७च्या प्रसंगातले ११ सेकंद काढले. 'लॉक' (संकलन पक्कं, आता बदल नाही) या शब्दावरचा माझा विश्वास तसाही फार नव्हता.

क्यू २ मिनिटं ३५ सेकंदांचा होता: १२४ मात्रा, चार-चार मात्रांचे ३१ बार. ११ सेकंद म्हणजे ८.८ मात्रा. असं काही कापता येत नाही. मी ९ मात्रा काढतो, तू आणखी ६ फ्रेम काढ, असा सौदा झाला. उरल्या ११५ मात्रा: २८ बार आणि वर एक तीन मात्रांचा लंगडा बार. तो 'पुग्नेत'नंतर लगेच बसवला. श्वास घ्यायला जी मात्रा होती तीच गेली. जिन्यावरून दुरून ऐकू येणारा हा क्यू असल्यामुळे तोंडं दिसत नाहीत, नव्याने मुद्रित करता येईल.

मान्य करतो, आधीपेक्षा बरा झालाय.

११ मे

संवादाखालचे क्यू. शब्द गाणारा वृंद आणि बोलणारं पात्र एकमेकांच्या अंगावर येतात, दोघं माणसाचाच आवाज. तीन ठिकाणी वृंदाला तोंड मिटून गुणगुणायला लावलं. ओठ मिटले की व्यंजनं जातात आणि संवादाला जागा होते. क्यू ११ सरळ काढून टाकला. आई मुलाच्या बुटाला दोरी बांधतेय, त्याला संगीताची गरज नव्हती. मीच लिहिलं होतं हे खरं.

२७ मे

क्वार्टेटचं मुद्रण. ४३०ला तारा सैल पडतात, आवाजाला मळकट छटा येते. पहिली व्हायोलिनवाली कुरकुरली, मग तिलाच आवडलं. कंप जवळजवळ बंद. बोटं कापलेले हातमोजे घालून कोणी स्वर हलवत बसत नाही.

क्यू १४, विओलाविना. तालमीत एक गंमत झाली. दुसऱ्या व्हायोलिनवाल्याच्या हातून नकळत गंधार लागायला लागला. कागदावर नव्हता, कान भरून काढत होता. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा पुन्हा तेच. विओलावाली काचेपलीकडे आमच्याबरोबर बसली होती, तिचं काम सकाळीच संपलेलं. तिने विचारलं, "मी आत जाऊन बसू का?"

आपल्या खुर्चीवर बसली. विओला मांडीवर, बो पेटीतच. टेक सुरू झाला. तिच्या प्रवेशाच्या आधी तिने सवयीने श्वास घेतला, मान किंचित हलवली, आणि वाजवलं नाही. दुसऱ्या व्हायोलिनवाल्याचं बोट तारेवर होतं तिथेच राहिलं. गंधार लागला नाही. तिघंही तिच्या भागाची वाट बघत, तिला जागा सोडत पुढे गेले, आणि तेवढ्या जागेत खोलीचा आवाज आला.

तिचा तो श्वास माइकमध्ये आलाय. ठेवला.

३ जून

शेवटच्या श्रेयनामावलीवर काय? निर्माते म्हणाले, विओलाचा एकटीचा भाग वाजवा, लोक रडतील. मोह मलाही झाला होता, नाकारत नाही; तो भाग वेगळ्या ट्रॅकवर तयारही आहे. दिग्दर्शिका नाही म्हणाली. "तिला परत आणायचं नाही." वाद तिथेच संपला.

मार्चमध्ये सेटवर एक मिनिटभर खोलीची शांतता मुद्रित केली होती, जोड झाकायला करतात तशी. नऊ जण उभे, कोणी गात नाही, टिकटिक चालू. नावं त्याच्यावर जातील. मिनिटभरात नावं संपत नाहीत, त्यामुळे पुढे काही नाही.

१० जून

मिक्सला फायली दिल्या: वृंद, तंतुवाद्यं, क्लॅरिनेट, मेट्रोनोम वेगवेगळे. १९पैकी १५ क्यू उरले, २६ मिनिटं. वादकांचं मानधनाचं पत्रक केलं. क्यू १४समोर हिशेबनिसाने विओलावालीचं नाव खोडलं होतं, वाजवलं नाही म्हणून. परत लिहिलं आणि शेजारी सही केली.